बडोद्याहून यॉटवर: सेशेल्सच्या शांत बेटांची दिवाळी ट्रिप, सगळं सविस्तर

हिंदी महासागरातल्या सेशेल्सच्या बेटांवरून दुपारी चारच्या सुमारास डे-ट्रिपच्या बोटी माणसं गोळा करून परत निघतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊशिवाय नव्या येत नाहीत. मधले ते सतरा तास, ज्यांची बोट तिथे नांगरलेली आहे त्यांचे. यॉट घ्यायची ती यासाठी. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, कुठली बोट, किती दिवस, किती बेटं, सगळं.

आपल्याकडे प्लॅनिंगला बसलं की पहिला प्रश्न येतो "सात दिवसांत किती बेटं कव्हर होतील?" आणि मग रोज नवं बेट, रोज पाच तास प्रवास, संध्याकाळी सगळे थकलेले, असं वेळापत्रक तयार होतं. माझं म्हणणं अगदी उलटं आहे. सात रात्रींना नांगर टाकायच्या चार जागा पुरेत, आणि त्यातल्या दोन-तीन जागी दोन-दोन रात्री काढाच. पहिल्या रात्री जागा कळते, दुसऱ्या दिवशी ती आपली वाटायला लागते.

सेशेल्सच का

लक्षद्वीप आणि अंदमान अप्रतिम आहेत, पण तिथे परवाने आणि नियम असे आहेत की आपण आपली बोट भाड्याने घेऊन हवं तिथे रात्र काढू हे सहज जमत नाही. मालदीवला सफारी बोटी मिळतात पण त्यांचा मार्ग त्यांनी आखलेला असतो. सेशेल्सची आतली बेटं, म्हणजे माहे, प्रालँ, ला दीग आणि त्यांच्या आजूबाजूची, ग्रॅनाइटची आहेत, एकमेकांना दिसतात इतकी जवळ आहेत, आणि विषुववृत्ताच्या खाली चार-पाच अंशांवर असल्यामुळे चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर आहेत. घरच्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे.

बडोद्यावाल्यांच्या सोयीची अजून एक गोष्ट म्हणजे वारा. मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेचा वारा जोरात असतो, जून-जुलै-ऑगस्टमध्ये तर समुद्र बऱ्यापैकी खवळलेला. डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा आणि पाऊस. मधले दोन बदलाचे काळ, एप्रिल आणि साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा पाणी सपाट आणि काचेसारखं स्वच्छ. आता गुजरात बोर्डाच्या शाळांना दिवाळीत तीन आठवडे सुट्टी असते, ती नेमकी याच काळात पडते. मेच्या सुट्टीत जायचं असेल तर पहिल्या आठवड्यात उरकून घ्या, नंतर वारा वाढत जातो. एक मात्र मान्य करून जा, शांत काळात वारा कमी म्हणजे शीडही कमी, इंजिनवर बराच प्रवास होणार.

बोट आणि स्किपर

घरचे आठ जण, त्यात सत्तरीच्या आसपासचे कोणी असतील तर कॅटामरानच घ्या, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट. ती कलत नाही, चहाचा कप टेबलावर राहतो, आणि मागच्या बाजूला पाण्यापर्यंत पायऱ्या असतात त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीत, उतरता येतं. शिवाय तिचा पाण्याखालचा भाग साधारण सव्वा मीटर, एका सांगाड्याच्या बोटीचा दोन मीटरच्या आसपास, म्हणजे कॅटामरान किनाऱ्याच्या जास्त जवळ नांगरता येते. चाळीस ते पंचेचाळीस फूट, चार केबिन, एवढी बोट भरपूर झाली.

स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, घ्या. बोट स्वतः चालवायला घ्यायची तर आयसीसी किंवा आरवायए डे स्किपरसारखं बोट चालवता येत असल्याचं सर्टिफिकेट मागतात आणि त्यासोबत अनुभवाचा हिशोबही. तुम्हाला खरंच शिकायचं असेल तर शिकाच, मुंबईत सेलिंगच्या शाळा आहेत, हैदराबादला हुसेन सागरवर चांगलं ट्रेनिंग मिळतं, भोपाळच्या मोठ्या तलावावरही सेलिंग चालतं, पण पहिल्या ट्रिपला घरची माणसं बोटीवर असताना तिथलाच स्किपर हवा. त्याला कुठला खडक कुठे आहे हे नकाशा न बघता माहीत असतं. एक गोष्ट लोक हिशोबात धरत नाहीत, स्किपरला झोपायला जागा आणि तिन्ही वेळचं जेवण आपण द्यायचं असतं, म्हणजे आठ जणांच्या बोटीवर पाहुणे सातच धरा किंवा त्याच्यासाठी वेगळी छोटी केबिन आहे का ते बुकिंगच्या आधी विचारा.

दोघंच असाल तर अख्खी बोट कशाला, केबिन चार्टर असतं, एका मोठ्या कॅटामरानवर एक केबिन आपली, बाकीच्या इतरांच्या. स्वस्त पडतं पण मार्ग त्यांचा आणि वेळ त्यांची, म्हणजे ते सतरा तास कुठे घालवायचे हे तुमच्या हातात नाही.

भाड्याचा आकडा बघून खूश होऊ नका, लेखी विचारा की यात काय काय नाही. डिझेल, स्किपरचे रोजचे पैसे, मरीन पार्कची फी, चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई, डिंगीचं इंजिन, हे सगळं वेगळं लावलेलं असू शकतं. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर ब्लॉक होतं, रक्कम मोठी असते, तेव्हा बँकेत जाऊन कार्डाचं इंटरनॅशनल लिमिट आधीच वाढवून घ्या. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये सेलिंग आणि स्नॉर्केलिंग कव्हर आहे का ते बारीक अक्षरात वाचा. परदेशी खर्चावर आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराचं, म्हणजे टीसीएसचं, काय ते सीएंना विचारून ठेवा.

व्हिसा लागत नाही, पण निघायच्या आधी ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन काढावं लागतं, त्यात परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा लागतो, बोटीच्या कंपनीकडून बुकिंगचं पत्र घेतलं की झालं. मुंबईहून माहेला थेट विमान आहे, साडेचार-पाच तासांचं, पण रोज नसतं आणि बोटी बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणून आधी विमानाचे वार बघा, मग बोट, मग बडोदा-मुंबई रेल्वे. या क्रमानेच.

बडोद्यात करायची तयारी

पोहणं. लालबाग किंवा सरदारबागेतल्या तरणतलावावर दोन महिने आधी नाव घाला, अगदी मोठ्यांनीसुद्धा. वेगात पोहायला यायची गरज नाही, घाबरून न जाता दहा मिनिटं तरंगता आलं पाहिजे. मास्क आणि स्नॉर्केल इथेच घ्या आणि इथल्याच पाण्यात सवय करा, तोंडाने श्वास घ्यायची सवय पहिल्यांदा समुद्रात करायला गेलं की मुलं घाबरतात आणि मग आठवडाभर पाण्यात उतरत नाहीत. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी लाइफ जॅकेट घालून मास्कने खाली बघावं, तेवढ्यातही खूप दिसतं.

जेवणाचं जरा सविस्तर सांगतो कारण आपल्या लोकांची निम्मी चिंता तीच असते. दांडिया बाजारातल्या एका काकूंनी मला विचारलं होतं, "अरे, तिथे आम्हा शाकाहारी माणसांनी सात दिवस काय पाव खायचा का?" नाही काकू, तुमचा कुकर घ्या. खरं सांगायचं तर जगभर फिरणारे सेलिंगवाले कुकरचे मोठे चाहते आहेत, झाकण घट्ट बसतं त्यामुळे बोट हलली तरी सांडत नाही, आणि गॅस-पाणी दोन्ही वाचतं. तीन लिटरचा एक आणि पाच लिटरचा एक, बास. बोटीची शेगडी छोटी असते आणि झुलणारी असू शकते, रुंद कढई तिच्यावर बसत नाही.

नेण्यासारखं म्हणजे मुगाची डाळ, पोहे, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लोणचं, तूप, लीलो चिवडो भरपूर (बोटीवर भूक सारखी लागते) आणि आलेवडी. सगळं कोरडं, कंपनी-पॅक, वर नाव असलेलं, आणि विमानतळावर विचारलं तर स्पष्ट सांगायचं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बी-बियाणं अजिबात नेऊ नका, बेटांवरच्या झाडांना बाहेरचे रोग लागू नयेत म्हणून ते लोक फार कडक आहेत आणि बरोबर आहेत. केळी, पपई, नारळ, नीरफणस तिथे राजधानी व्हिक्टोरियाच्या बाजारात मिळतं. बाकी भाजी बरीचशी बाहेरून येते म्हणून महाग.

कपडे कमी. पूर्ण बाह्यांचे पोहायचे टी-शर्ट मात्र प्रत्येकाला दोन, कारण अंगावर कापड असलं की सनस्क्रीन कमी लागतं आणि ऑक्सीबेन्झोनवालं सनस्क्रीन प्रवाळाला मारतं. सूटकेस नाही, मऊ बॅगा, कारण रिकामी सूटकेस ठेवायला बोटीवर जागाच नसते. प्लग तिथे ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा, ॲडॅप्टर घ्या. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि बोट हलायला लागायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. ज्याला त्रास होतोय त्याला खाली केबिनमध्ये झोपवू नका, वर बसवा, क्षितिजाकडे बघायला सांगा, जमलं तर सुकाणू हातात द्या, लगेच फरक पडतो.

बोट ताब्यात घेताना

घाई करू देऊ नका. मोबाइलवर व्हिडिओ काढत पूर्ण बोट फिरा, आधीचे ओरखडे बोलून रेकॉर्ड करा. लाइफ जॅकेट मोजा, मुलांच्या मापाची आहेत का बघा, ती प्रत्येकाच्या अंगावर एकदा घालून पट्टे बसवून ठेवा. अग्निशामक कुठे, गॅसचा व्हॉल्व्ह कुठे (स्वयंपाक झाला की दर वेळी बंद), व्हीएचएफ रेडिओवर मदत मागायचं सोळा नंबर चॅनल कसं लावायचं, इंजिन बंद कसं करायचं, हे स्किपरशिवाय अजून निदान दोन मोठ्या माणसांना आलंच पाहिजे. स्किपर पाण्यात पडला तर काय, हा प्रश्न त्यालाच विचारा, चांगला स्किपर खूश होतो आणि नीट दाखवतो.

टॉयलेटचा नियम सगळ्यांना, आजी-आजोबांनाही, स्पष्ट सांगायचा की त्यात कागदसुद्धा टाकायचा नाही. पाइप बारीक असतात, तुंबलं की आठवडा खराब.

पाण्याचं गणित करून ठेवा. टाकी समजा ७०० लिटरची आहे आणि आठ माणसं आहेत, माणशी दिवसाला २५ लिटर धरलं तरी रोजचे २००, म्हणजे साडेतीन दिवसांत टाकी कोरडी. म्हणून समुद्रात पोहून आल्यावर मागच्या पायरीवर पटकन गोडं पाणी अंगावर घ्यायचं, तीच अंघोळ. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात, मग थोड्या गोड्या पाण्यात. मधे एकदा टाकी कुठे भरायची ते स्किपरबरोबर पहिल्याच दिवशी ठरवा.

मार्ग, दिवाळीच्या दिवसांसाठी

शनिवारी माहेच्या ईडन आयलंड मरिनातून बोट मिळेपर्यंत दुपार होते, त्यामुळे लांब जायचं नाही. समोरच सेंट ॲन मरीन पार्क आहे, १९७३ सालचं, तासाभराच्या आत नांगर पडतो. तिथलं मोयेन बेट बघाच. ब्रेंडन ग्रिमशॉ नावाच्या इंग्रज संपादकाने ते १९६२ साली आठ हजार पौंडांना विकत घेतलं, एका स्थानिक मदतनीसाबरोबर हजारो झाडं लावली, मोठी कासवं आणून वाढवली, आणि हॉटेलवाल्यांना कधीच विकलं नाही. २०१२ मध्ये तो गेला, आणि ते बेट आज नॅशनल पार्क आहे. एका माणसाने आयुष्य घालून राखलेली शांतता म्हणजे काय ते तिथल्या पायवाटेवर चालताना कळतं.

रविवारी सकाळी लवकर निघून प्रालँच्या बाजूला, साधारण २४ नॉटिकल मैल, पाच नॉटने पाच तास. दिशा ईशान्येची आणि उरलासुरला वारा आग्नेयेचा, म्हणजे आडवा मिळतो, शिडाला सगळ्यात चांगला. प्रालँच्या उत्तरेला, जेमतेम किलोमीटरभर पाणी ओलांडून क्युरियस बेट आहे, तिथल्या लारे खाडीत दोन रात्री. अल्डाब्राची शेकडो राक्षसी कासवं मोकळी फिरतात, खारफुटीतून लाकडी पुलावरून पायवाट जाते, खाली उथळ पाण्यात लेमन शार्कची पिल्लं दिसतात आणि पलीकडे १८७० च्या दशकातलं डॉक्टरांचं घर, कारण इथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती. दिवसा गर्दी असते. तुम्ही चारनंतर डिंगी काढा, सूर्य मावळायच्या आत परत या.

मंगळवारी सकाळी कुझँ बेट. हे आठवड्याच्या दिवशी, तेही सकाळीच उघडं असतं, शनिवार-रविवार नाही, म्हणून मार्ग याच्याभोवती बसवा. १९६८ साली नारळाची लागवड असलेलं हे बेट केवळ एका छोट्या पक्ष्याला, सेशेल्स वॉर्ब्लरला, वाचवण्यासाठी विकत घेतलं गेलं. तुमची डिंगी किनाऱ्याला लावू देत नाहीत, बेटावरचे रक्षक त्यांच्याच बोटीतून नेतात, म्हणजे उंदीर किंवा किडे चुकूनही जाऊ नयेत. ऑक्टोबरपासून हॉक्सबिल कासवं अंडी घालायला येतात आणि सेशेल्समध्ये ती दिवसाढवळ्या येतात, हे दुर्मीळ आहे. दिसली तर मागे राहा, समोर जाऊ नका, आवाज नको, फ्लॅश नको.

दुपारी प्रालँचा आन्स लाझिओ किनारा, तिथे रात्र. वायव्येचा वारा सुरू झालेला असेल तर मात्र लाझिओला थांबू नका, बोट रात्रभर डुलते आणि कोणी झोपत नाही.

बुधवार-गुरुवार ला दीग. सायकली भाड्याने घ्या, बेट छोटं आहे, आन्स सूर्स दार्जाँ किनाऱ्यावरचे ते गुलाबी-करडे ग्रॅनाइटचे धोंडे सकाळी सात-आठला बघा. प्रालँच्या व्हाले द मेला, जिथे कोको-द-मेर या जोडनारळाचे माड आहेत (१९८३ पासून जागतिक वारसा), ला दीगहून फेरीने अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. शुक्रवारी परत सेंट ॲनला, शनिवारी सकाळी बोट परत.

नांगर टाकणं, हे नीट शिकून घ्या

स्किपर असला तरी हे काम सगळ्यांनी मिळून करायचं. रात्रीची झोप यावर अवलंबून असते आणि खालच्या प्रवाळाचं आयुष्यही. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा या आतल्या बेटांचं जवळजवळ ९० टक्के जिवंत प्रवाळ गेलं, जे परत उभं राहतंय त्यावर साखळी घासली तर वर्षानुवर्षांची वाढ एका रात्रीत संपते.

पोचायची वेळ दहा ते तीन. सूर्य डोक्यावर असला की पाण्याचा रंग वाचता येतो. फिकट निळा-हिरवा म्हणजे वाळू, तपकिरी-पिवळट ठिपके म्हणजे प्रवाळ किंवा खडक, गडद निळं म्हणजे खोल. संध्याकाळी सूर्य तिरपा झाला की सगळं चांदीसारखं चमकतं आणि काही दिसत नाही. आणि तिथे अंधार फार झपाट्याने पडतो, सहाच्या आसपास सूर्य बुडाला की अर्ध्या तासात काळोख. भाड्याच्या बोटींना रात्री फिरायची परवानगीही नसते.

एक जण पुढच्या टोकाला पोलराइज्ड गॉगल लावून उभा, हाताने दिशा दाखवतो, ओरडायचं नाही, इंजिनच्या आवाजात ऐकू जातच नाही. वाऱ्याकडे तोंड करून बोट फिकट वाळूवर थांबवायची, नांगर तळाला टेकेपर्यंत सोडायचा, मग हळूहळू मागे सरकत साखळी पसरायची. किती साखळी? पाणी ५ मीटर, भरतीला अजून दीड मीटर चढणार, बोटीचं टोक पाण्याच्या दीड मीटर वर, झाले आठ, त्याच्या पाचपट म्हणजे ४० मीटर. आपल्या खंभातच्या आखातात भावनगरकडे भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या आसपास जातो, इथे दोन मीटरच्याही आत, त्यामुळे हे गणित सोपं राहतं.

नंतर इंजिन मागे घेऊन साखळी ताणायची आणि किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघत राहायचं. रेष हलली नाही तर नांगर रुतला. हलली तर उचला आणि परत टाका, कंटाळा करू नका. मग मास्क घालून कोणीतरी पोहत जाऊन नांगर डोळ्यांनी बघून यावं, वाळूत पूर्ण गाडला गेलाय का, साखळीच्या फिरण्याच्या वर्तुळात प्रवाळ येतंय का. मुलांना हे काम फार आवडतं (मोठ्यांबरोबरच, एकटं नाही). जिथे मूरिंग बोया (बोट बांधण्यासाठी तळाला पक्का केलेला तरंगता गोळा) असेल तिथे नांगर टाकायचाच नाही, बोयाला बांधा, पण त्याचा दोर झिजलाय का तेही खाली जाऊन बघा. झोपायच्या आधी मोबाइलवर अँकर अलार्म (बोट जागेवरून सरकली की वाजतो) आणि डोलकाठीवर पांढरा दिवा.

डिंगी

किनाऱ्यावर उतरताना लाटा मोजा, तीन-चार मोठ्या गेल्या की मधे शांत वेळ येतो, तेव्हा सरळ आत. इंजिनची किल-कॉर्ड (माणूस पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेलीच हवी. पाणी गुडघ्याएवढं झालं की इंजिन बंद, वर उचलायचं, उतरून डिंगी ओढायची. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत. रात्री डिंगी पाण्यात सोडून ठेवू नका, वर उचलून बांधा.

त्या सतरा तासांत

पाण्यावर आवाज कुठच्या कुठे जातो. दोनशे मीटरवरच्या बोटीतलं साधं बोलणं ऐकू येतं, तर तुमचा ब्लूटूथ स्पीकर सगळ्या खाडीला ऐकू जाणार. जनरेटर संध्याकाळी लवकर चालवून बॅटऱ्या भरून घ्या आणि नऊच्या आत बंद करा. पाण्याखाली लावायचे निळे दिवे असतील तर लावू नका, कासवांची दिशा चुकते. दिवाळी असली तरी फटाके आणि तरंगत्या पणत्या नाहीत, एक पणती टेबलावर ताटलीत, तीही नजरेसमोर, बोटीवर आगीइतकं धोकादायक काही नाही. फराळ मात्र मनसोक्त करा, स्किपरला द्या, शेजारच्या बोटीला डिंगीतून नेऊन द्या. सकाळी साडेपाचला एकदा तरी सगळ्यांना उठवा.

निघताना

शिंपले, प्रवाळाचे तुकडे, वाळू काही उचलायचं नाही, किनाऱ्यावर पडलेलं असलं तरी. कोको-द-मेर विकत घेतलात तर परवान्याचा कागद आणि त्यावरचा टॅग दोन्ही जपून ठेवा, नसेल तर विमानतळावर काढून घेतात. कचरा सगळा मरिनात आणून टाका. बोट परत देताना पहिल्या दिवशीचा व्हिडिओ उघडून ठेवा आणि डिपॉझिट सुटल्याचा लेखी मेल मिळाल्याशिवाय जागेवरून हलू नका. मुंबईला विमान उतरल्यावर बडोद्याच्या गाडीसाठी निदान पाच-सहा तास हातात ठेवून तिकीट काढा, सामान आणि इमिग्रेशनला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.